जड वस्तू जवळ धरायची

सोमवारी सकाळी बाई तुळशीपाशी पडल्या. त्यांना उठता आलं नाही. दुपारी मी वाचनालयातून जेवायला घरी आले, तेव्हा त्या तिथेच होत्या.

"मरूंक ना गो हांव," त्या म्हणाल्या. "पडल्यां फकत."

मी त्यांची भाडेकरू. डिचोलीच्या वाचनालयात नोकरी लागली तेव्हा पेडण्याहून रोज बस बदलत येणं जमेना, म्हणून नदीकाठच्या त्या गावात त्यांच्या घराची मागची खोली घेतली. बाई गावच्या मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, एकुलता एक मुलगा आखातात. साऱ्या गावासाठी त्या नुसत्या 'बाई' होत्या. दुसरी कुठली बाई असेल तर तिला नाव लागायचं, यांना नाही. शिकवताना, समजावताना त्या स्वच्छ मराठी बोलत. राग आला, लाड आले किंवा दुखलं की कोकणी.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "मांड्यांत जोर राहिलेला नाही. या वयात होतं."

परतताना रिक्षात बाई बाहेर बघत बसल्या. शेतांवर धुकं असावं तशी ऊन-पावसाची वाफ होती. मग एकदम म्हणाल्या, "पोर नापास झालं की मास्तरानं 'या वयात होतं' असं म्हणायचं नसतं. काय शिकवायचं राहिलं ते शोधायचं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हजेरी सुरू केली.

त्यांची आणि माझी खोली यांच्यात एक लाकडी फळ्यांची भिंत होती. पहाटे नदीवरून येणारा पाण्याचा वास, कुठेतरी पाववाल्याचा हॉर्न, आणि भिंतीपलीकडून बाईंचा शाळेतला आवाज. अंथरुणात पडल्यापडल्या त्या एकेका अवयवाला हाक मारायच्या आणि त्याच्या वतीनं उत्तरही द्यायच्या.

"उजवा गुडघा?"

"हजर."

"डावा गुडघा?"

"हजर, पण उशिरा."

"कंबर?" इथे जरा शांतता. "कंबर, कितें जालें? झोपल्या काय?"

मी अर्धवट झोपेत असायची. पुष्कळदा मला वाटायचं की पलीकडे खरंच एक वर्ग भरला आहे, लहान लहान मुलं मांडी घालून बसली आहेत आणि आपण उशिरा पोचलो आहोत. अजूनही पहाटेच्या झोपेत मला तो वर्ग दिसतो.

"स्नायू म्हणजे शेवटच्या बाकावरचं पोर," त्या म्हणत. "त्याला रोज नावानं हाक मारावी लागते. दोन दिवस नाही मारली, की ते शाळेत यायचं सोडून देतं. आणि घरच्यांना कळत नाही."

मुलाचा फोन त्याच आठवड्यात आला. पर्वरीला त्यानं फ्लॅट घेऊन ठेवला होता. लिफ्ट, खाली दवाखाना, दिवसभरासाठी कामवाली. घर बंद करायचं. गणपती फोंड्याच्या चुलत भावाकडे द्यायचा, म्हणजे दोन घरांचा एकच गणपती होईल. बाई फोन कानापासून लांब धरून ऐकत होत्या, जणू त्यातून उष्ण वाफ येते आहे.

"चवथ लांब आहे," त्या म्हणाल्या. "चवथीला तू येशील. आपला गणपती मी उंबरठ्यावरून उचलून मखरात नेऊन ठेवला, तर फ्लॅटचं नाव परत काढायचं नाही. नाही नेता आला, तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसते. पिशवी भरून ठेवते."

पलीकडे तो हसला असावा. मग म्हणाला, "मग आई, या वर्षी लहान मूर्ती सांगू या."

"म्हातारी मी झाले. देव कशाला बारीक व्हायला हवा?"

त्या घराची रीत मला तेव्हा कळली. मूर्ती चिकणमातीची, आणि आकार दर वर्षी तोच, आजे-पणज्यांनी ठरवलेला. मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून शेजारीपाजारी मूर्ती आणत, पण फक्त उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्याच्या आत तिला घरच्याच माणसानं उचलायचं आणि मध्ये कुठेही खाली न टेकवता मखरात ठेवायचं. आधी यजमान उचलायचे. ते गेल्यावर मुलगा दर चवथीला रजा काढून येई.

बाईमाणूस मूर्ती उचलणार हे शेजारच्या वहिनीनं ऐकलं आणि गालावर बोट ठेवलं. "बाई, बायलमनशेन गणपती उखलप?"

"आनी पार्वती कोण गो?" बाई म्हणाल्या. "तिणें ताका उखलूंक चार दादले आपयल्ले?"

चार पुरुष बोलावणारी पार्वती मनात आणून वहिनी इतकी हसली की आलेलं काम विसरून गेली.

गावाच्या टोकाला एक व्यायामशाळा होती. तिचा मालक दोडामार्गाकडचा. खाणी चालू होत्या तेव्हा तो मातीचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला, उभ्या उभ्या गंजला. शेवटी त्यानं ट्रक भंगारात काढला, पण काही भाग ठेवून घेतले आणि त्याच शेडमध्ये व्यायामशाळा काढली. एक्सलचा दांडा झाला, गिअरची चाकं वजनं झाली. भिंतीवर लाल माती अजून तशीच होती. बाई तिथे पायलटच्या मागे, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, एका अंगाला बसून गेल्या. पायात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि लुगड्याचा काचा मारलेला. मी सोबत होते, कारण मला नाही म्हणता आलं नव्हतं.

मालक घाबरून उभा राहिला.

"बाईनू, वय काय तुमचा?"

"बाईमाणसाला वय विचारत नाहीत."

"मगे वजन तरी सांगा."

"तेही नाही. आधी ते गाणं बंद कर बघू. मला माझा श्वास ऐकू येत नाही."

गाणं बंद झालं. त्या शेडमध्ये ते पहिल्यांदाच बंद झालं असावं, कारण सगळे वळून बघू लागले. मालकानं त्यांना आधी नुसतं बाकावरून उठायला लावलं. मग बसायला. मग हात न टेकता उठायला. बाईंच्या कपाळावर घाम आला. मालकाच्याही आला. पण गाण्यावाचून त्यांचा ताल जमेना. कधी त्या श्वास कोंडून धरत, कधी घाई करत.

"तू वाचनालयात काय करतेस गो?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पिशवीत पुस्तक असेलच. वाच."

तो त्यांचा शोध होता. मी वाचायचं, मोठ्यानं आणि सावकाश. वाक्य सुरू झालं की त्या वजन उचलत, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला खाली ठेवत. मी आयुष्यभर मनातल्या मनात वाचलेली. माझा आवाज त्या पत्र्याखाली मला परका वाटायचा. पण हळूहळू मी पुस्तकं त्यांच्यासाठी निवडू लागले. कथा कशी आहे हे बघायचंच नाही. फक्त वाक्य किती लांब आहे ते. एकदा चुकून एका विद्वानाचा लेखसंग्रह नेला. पहिलंच वाक्य अर्धं पान चाललं. बाई दांडा धरून उभ्या, मान लाल झालेली, आणि पूर्णविराम काही येईना. मालक धावला.

वजन खाली गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या लेखकाला सांग, अधूनमधून श्वास घेत जा म्हणावं. वाचणारी माणसं मरतील."

ज्या दिवशी मी पुस्तक विसरायची, त्या दिवशी त्या स्वतःच एक वाक्य म्हणत. शाळेत त्या प्रत्येक नव्या वर्गाला पहिलं श्रुतलेखन हेच घालत आणि गावातली निम्मी माणसं ते अजून झोपेतही लिहितील: 'नदी आमच्या गावात येते, घाटापाशी थोडी थांबते, आणि पुढे जाते.' येते म्हणताना दांडा वर, थांबते म्हणताना स्थिर, जाते म्हणताना खाली. काही दिवसांनी शेडमधले सगळेच त्या वाक्यावर वजनं उचलू लागले. मालक ते मालवणी हेल काढून म्हणायचा आणि बाई त्याला मध्येच थांबवून पुन्हा म्हणायला लावायच्या.

"नदी थांबते, रे. तू तिला ढकलतोस."

घरी शेड नव्हती, म्हणून रगडा होता. रगडा म्हणजे वाटण वाटायचा जुना दगडी खल. त्यातला वाटायचा जाड दगड बाईंनी बाहेर काढला, पाटावर ठेवला आणि पाटासकट उचलायचा सराव सुरू केला. कारण गणपतीला दांडा नसतो, तो पाटावर असतो. मागच्या पडवीत, नारळीच्या झावळ्यांतून ऊन-सावली हलत असताना, पदर खोचलेल्या बाई तो दगड छातीशी धरून उंबरठ्यापासून मखराच्या जागेपर्यंत जितकी पावलं होत तितकी चालत. मी पुढे उलटी चालत वाचायची. ते दिवस आठवले की वाटतं, आम्ही काहीतरी लहान मूल झोपवत होतो.

मी एकदा दगड उचलायला गेले आणि हात लांब करून धरला. तो लगेच निसटू लागला.

"जड वस्तू जवळ धरायची," त्या म्हणाल्या. "माणसं भिऊन लांब धरतात. लांब धरली की ती आणखी जड होते."

फोनवर मुलगा विचारायचा, "आई, अजून ते करता तूं?" आणि बाई म्हणायच्या, "गृहपाठ चालला आहे." त्यांची पिशवी मात्र खरंच भरलेली होती. कपाटाच्या खाली ती दिसायची. त्यांनी ती लपवली नाही, की पुन्हा उघडलीही नाही. माझीही खोली त्या पिशवीवर टांगलेली होती, पण ते मी कधी बोलले नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायची होती. मखराच्या वर छताला टांगायची ती लाकडी चौकट आणि तिला बांधायची परसातली, रानातली फळं. मुलगा संध्याकाळी उशिरा पोचणार होता. बाई म्हणाल्या, आपणच बांधू. त्या वर्षी त्यांना भारी उत्साह. आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, पिकलेले चिबूड, सुपारीचा घोस, पुढच्या बाजूला नारळाची जोडी. चिबडाच्या वासानं खोली भरून गेली. आम्ही दोघी स्टुलावर चढून दोऱ्या आवळत होतो आणि खाली वहिनी "आनीक एक, आनीक एक" म्हणत फळं देत होती.

आम्ही सगळ्याची तालीम केली होती. वजनाची, पावलांची, उंबरठ्याची. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आली नाही. आजवर त्या घरात माटोळी बांधली होती ती यजमानांनी आणि मुलानं, दोघंही उंच. आम्ही ती स्टुलावरून आमच्या हाताला पोचेल तिथे बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती आली. रात्रभर पाऊस झाला होता आणि माती नीट वाळली नव्हती. ज्यांनी आणली त्यांनी उंबरठ्यावर येईपर्यंत दोनदा हात बदलले. बाहेर बलकावात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बाकांवर माणसं बसली होती, दारात शेजारी, त्यांच्यात व्यायामशाळेचा मालक, इस्त्रीचा सदरा घालून. मुलगा आतल्या दाराशी, हात मोकळे सोडून उभा. भटजी मखराजवळ.

बाई काठापदराचं लुगडं नेसल्या होत्या. त्यांनी बूट काढले, पाय पुसले, आणि पाटाखाली हात घातले. मूर्ती उठली. कुणीतरी श्वास आत घेतला तो ऐकू आला. मूर्तीचं ओलं अंग त्यांनी छातीशी घेतलं आणि त्या चालू लागल्या. तिथून पुढचं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. सगळं सावकाश, आणि कडा हललेल्या.

मखरापुढे त्या थांबल्या. समोर, मूर्तीच्या मुकुटापेक्षा खाली, चौकटीला बांधलेले नारळ लोंबत होते.

मुलगा पुढे झाला. त्यानं चौकट वर उचलून पाहिली. ओझ्यानं ती करकरली आणि एक आंबाडा सुटून पडला.

"हात लावू नको," बाई म्हणाल्या. "बांधलेली माटोळी हलवत नाहीत."

"मग आई, दी म्हाका. हांव घेतां."

त्यानं हात पुढे केले. त्या हातांत काही जिंकल्याचा भाव नव्हता. तो घाबरला होता, एवढंच. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की बाईंनी मूर्ती त्याच्या हातांत दिली तर काय होईल. कपाटाखालची पिशवी सर्वांनी पाहिली होती.

बाईंनी पाट आणखी छातीशी ओढला. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "वाच गो."

माझ्याकडे पुस्तक नव्हतं. मी ते आणायला खोलीकडे वळले. मग दारातून तो मालवणी हेल आला, मोठ्यानं, "नदी आमच्या गावात येते," आणि बाईंनी गुडघे वाकवले. मूर्ती छातीशी धरून त्या खाली बसू लागल्या, जितकं खाली मी त्यांना कधी जाताना पाहिलं नव्हतं, मुकुट नारळांखालून आत सरकला. "घाटापाशी थोडी थांबते," आता दारातले सगळे म्हणत होते, बलकावातले म्हणत होते, पिकल्या केसांची माणसं, कारण ते सगळे कधीतरी त्यांच्या वर्गात बसलेले. बाई तिथे थांबल्या. तुळशीपाशी जिथून उठता आलं नव्हतं, तेवढ्याच खाली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते आणि मला वाटलं त्या हजेरी घेताहेत.

कुणीही पुढचं म्हटलं नाही. ते त्यांनीच म्हणायचं होतं.

"आणि पुढे जाते," बाई म्हणाल्या आणि मांड्यांवर उठल्या. पाट मखरावर टेकला.

भटजींनी लगेच घंटा वाजवली. वहिनी रडत होती. मुलगा बाईंच्या लुगड्याकडे पाहत होता. छातीवर ओल्या मातीचा आणि गुलाबी रंगाचा मोठा डाग उमटला होता.

"हेल अजून चुकतो तुझा," बाई मालकाला म्हणाल्या. मग कोकणीत, कंबरेवर हात ठेवून, कुणालाच उद्देशून नाही, "पेंकट दुखता."

त्या संध्याकाळी मुलानं कपाटाखालची पिशवी काढली, त्यातली लुगडी पुन्हा घडी करून फडताळात ठेवल्या आणि जेवायला बसला. फ्लॅटचं नाव त्यानं परत काढलं नाही. पुढच्या चवथीला येताना मात्र त्यानं एक लांब शिडी आणली.

त्यानंतर बाईंनी आणखी चवथी पाहिल्या आणि प्रत्येकीला मूर्ती स्वतः उचलली. एका वर्षी पाट जरा तिरका टेकला, तर दिवसभर चिडलेल्या होत्या. व्यायामशाळेत त्यांच्या वयाच्या आणखी बायका येऊ लागल्या. त्यांना त्या रांगेत उभं करायच्या. शेवटच्या थंडीत मात्र त्यांनी दांडा सोडला आणि रगड्यातला दगडच तेवढा उचलत राहिल्या. मग दगड न उचलता नुसत्या त्याच्या शेजारी बसू लागल्या, त्याच्यावर हात ठेवून. मी वाचायची. लांब वाक्यं असली तरी आता चालत होती.

एका पहाटे हजेरी झाली नाही. मी फळ्यांच्या भिंतीपाशी बराच वेळ ऐकत राहिले. पाववाला आला आणि हॉर्न वाजवून गेला.

मुलगा आला. दिवसकार्य झालं. जाताना त्यानं मला विचारलं, राहशील ना गो? मी हो म्हटलं.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. गुलाबी डागाचं लुगडं फडताळात आहे. दगड मागच्या पडवीत पाटावर आहे. सकाळी मी तो छातीशी धरते, ते वाक्य म्हणते, आणि खाली ठेवते.